तळ्यातला थेंब कसा बघावा

नवीन मायक्रोस्कोप हातात आला की माणूस हमखास दोन गोष्टी करतो. तळ्यातलं दिसायला स्वच्छ पाणी बाटलीत भरून आणतो आणि त्यावर सगळ्यात मोठं भिंग फिरवून घेतो. मग अर्धा तास पांढऱ्या वर्तुळाकडे बघत बसतो. शेवटी ठसठशीत काळ्या किनारीचा एक गोल दिसतो, आणि 'सापडला, सापडला' म्हणून घरच्यांना हाका जातात. तो हवेचा बुडबुडा असतो. मीही याच वाटेने आले आहे. माझ्या पहिल्या वहीत त्या बुडबुड्याचं चित्र अजून आहे, तारखेसकट.

मायक्रोस्कोप माझ्यासाठी घेतलेला नव्हताच. लेकाच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी आणला होता. प्रकल्प संपला आणि मायक्रोस्कोप माळ्यावर गेला. अशी कितीतरी यंत्रं घरोघरी धूळ खात पडलेली असतील. हा लेख ती खाली काढणाऱ्यांसाठी आहे, आणि नवीन घ्यावा की नको अशा विचारात असलेल्यांसाठीही.

यंत्र कोणतं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा मायक्रोस्कोप पुरतो. एक आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि खाली फिरणारी तीन भिंगं: ४, १० आणि ४० पटींची. आयपीस सहसा १० पटींचा असतो, म्हणजे एकूण ४०, १०० आणि ४०० पट. तेल लावून वापरायचं १०० चं भिंग तळ्याच्या पाण्यासाठी घेऊ नका, ते पैसे कव्हर स्लिपांवर, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचांवर, खर्च करा. प्रकाशासाठी आरशापेक्षा एलईडी सोयीचा. आरसाच असेल तर तो मोकळ्या आकाशाकडे किंवा दिव्याकडे वळवा. थेट सूर्याकडे कधीही नाही, डोळा कायमचा जाईल. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१२०० पट' छापलेलं प्लास्टिकचं खेळणं मात्र टाळा. त्यात धुकं १२०० पट मोठं दिसतं.

फार खर्च नको असेल तर फोल्डस्कोप आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, २०१४ साली गाजलेला हा घडीचा कागदी मायक्रोस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो. धरायला थोडा त्रासदायक आहे, पण मोबाइलला चिकटवला की काम होतं.

आणि १४० पट कमी वाटत असेल तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुकची गोष्ट ऐका. हा कापडाचा व्यापारी. त्याचं यंत्र म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं एकच इवलंसं भिंग. १६७४ च्या सप्टेंबरात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्र लिहून कळवलं की गावाजवळच्या तळ्याच्या पाण्यात हिरव्या, गुंडाळी घातलेल्या रेषा आहेत आणि त्यांच्यात असंख्य बारीक जीव फिरताहेत. तिकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. त्या हिरव्या रेषा म्हणजे बहुधा आपल्या पुस्तकातलं स्पायरोगायरा हे शेवाळ, जे आजही कुठल्याही हौदाच्या काठावर मिळेल.

पाणी कुठलं आणायचं

मधलं नितळ पाणी नको, काठ हवा. जिथे पाणवनस्पती आहेत, कुजलेली पानं आहेत, दगडावर बुळबुळीत थर आहे, तिथे वस्ती असते. हे जीव कशाला तरी धरून राहतात किंवा कुजण्यावर वाढणारे जिवाणू खातात. म्हणून पाणी भरण्यापेक्षा पिळणं महत्त्वाचं. हायड्रिला या पाणवनस्पतीची मूठभर जुडी बाटलीच्या तोंडावर धरून पिळा. जलपर्णीला सगळे शिव्या घालतात, पण तिच्या झुबकेदार काळ्या मुळ्या या कामाला सोन्यासारख्या. एक मूळ कापून बाटलीत झटकलं तर आठवडाभर पुरेल इतकं बघायला मिळतं.

मी ठाण्याची. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही, पण बऱ्याच तळ्यांना चारी बाजूंनी दगडी किंवा सिमेंटचा काठ आहे. तरी पायरीवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने खरवडून आणलं की भागतं. गावाकडे असाल तर बारव, गुरांचा हौद, भातखाचर, ओढ्याचा साचलेला भाग, काहीही चालेल. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात जी डबकी भरतात त्यांत तर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, उताणे पोहणारे, कोळंबीसारखे इवले फेअरी श्रिंपही भेटतात. आणि कुठेच जायचं नसेल तर बाल्कनीतल्या कुंडीखालची ताटली बघा. मी सुरुवात तिथूनच केली असती तर सहा महिने वाचले असते.

हंगामाचं म्हणाल तर जून-जुलैत पाणी गढूळ, चिखलच जास्त. विसर्जनानंतरचे दिवस सोडून द्या. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात चांगला.

बाटली अर्धीच भरा, वरची हवा लागते. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका. घरी आल्याबरोबर झाकण काढा आणि तोंडाला जाळीचं कापड बांधा, नाहीतर डासांच्या अळ्यांचं पाळणाघर होईल. डेंग्यूच्या दिवसांत तपासणीला येणाऱ्या माणसाला 'हे संशोधन आहे' असं सांगून बघा. मी सांगितलं होतं. त्याने वाकून बरणीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पाणी ओतून टाकलं.

काठावर शेवाळाने पाय घसरतो, एकट्याने जाऊ नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो या तापाचा धोका असतो. पाणी नाकातोंडात जाऊ देऊ नका आणि काम झालं की हात साबणाने धुवा. ड्रॉपर तोंडाने ओढणं ही जुन्या प्रयोगशाळांमधली सवय, ती तिथेच राहू दे.

थेंब मांडणं

ड्रॉपरने बाटलीच्या तळाचा गाळ किंवा पानाला लागलेला भाग उचला. काचपट्टीच्या मधोमध एकच थेंब. कव्हर स्लिप एका कडेवर टेकवा आणि तिरकी धरून सावकाश खाली सोडा. सपाट टाकली की बुडबुडे आलेच. बाहेर आलेलं पाणी टिपकागदाने टिपा.

इथे एक हिशोब करून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलीटर. असा एक थेंब २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हर स्लिपखाली पसरला की पाण्याची जाडी उरते सुमारे ०.१ मिलिमीटर. त्यात पॅरामेशियम हा एकपेशीय जीव आरामात फिरतो, पण डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, दीड-दोन मिलिमीटरची. तिच्यावर आपण काचेचं छप्पर पाडलेलं असतं. मोठे प्राणी बघायचे असतील तर कव्हर स्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे ठिपके देऊन ती उचलून धरा, किंवा कव्हर स्लिप न घालता ४ च्या भिंगाखाली बघा. वरची भिंगं मात्र उघड्या थेंबावर आणू नका, ओली होतात.

आता ४ चं भिंग लावा. हो, सगळ्यात छोटं. खालचा डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, बराचशी बंद करा. हे जीव पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात विरून जातात, मंद उजेडात त्यांना कडा येतात. स्क्रू फिरवून भिंग खाली नेताना डोळा आयपीसला नको, बाजूने बघत न्या. फोकस करताना ते वर आणत करा. हा एक नियम पाळला तर काचा फुटत नाहीत.

छोट्या भिंगाचा आग्रह का, तेही सांगते. ४ च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ साधारण साडेचार मिलिमीटरचं असतं, ४० च्या भिंगाखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. तुमच्या यंत्रात नेमकं किती ते पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवून मोजा. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर पोहतं. म्हणजे ४० खाली ते अर्ध्या सेकंदात वर्तुळाबाहेर. तुम्हाला दिसते नुसती सावली. ४ खाली चार-पाच सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात ते कुठे वळतं, कशाला थटतं, काय करतं हे कळतं. नवशिक्याचा सगळा वैताग या एका आकड्यात आहे. मोठं करण्यापेक्षा जास्त वेळ बघणं चांगलं.

तरी पॅरामेशियम हातचं निसटतंच. त्याला कोंडायला कापसाचे चार तंतू विरळ करून थेंबात टाका. त्या कुंपणात ते अडतं. मी इसबगोलाचं पाणीही वापरून पाहिलं, पण मग इसबगोलच दिसत राहिलं.

पंधरा-वीस मिनिटांत थेंब सुकू लागतो. कडेला साध्या पाण्याचा, शक्यतो बाटलीतल्याच पाण्याचा, छोटा थेंब लावा; तो आपोआप आत ओढला जातो. नळाचं क्लोरीनचं पाणी नको.

काय दिसेल

आधी हिरवं दिसतं. केसांसारख्या लांब धाग्यांत नागमोडी पट्टी असेल तर ते स्पायरोगायरा. काचेच्या डबीसारखे, होडीसारखे पिवळट-तपकिरी तुकडे म्हणजे डायटम, हेही एकपेशीय शेवाळच. ते सावकाश सरकतात, आणि ना पाय, ना वल्हं. चंद्रकोरीसारखं क्लोस्टेरियम मिळालं तर त्याच्या दोन्ही टोकांकडे ४० च्या भिंगातून बघा, तिथल्या छोट्या पोकळीत बारीक स्फटिक अखंड थरथरत असतात. ते जिवंत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात, एवढंच.

मग फिरणारे. पुस्तकातलं पॅरामेशियम चपलेसारखं एका कुशीवर पडलेलं असतं. खरं पॅरामेशियम स्वतःभोवती गिरक्या घेत जातं, आपटलं की थोडं मागे सरतं, जरा वळतं, पुन्हा निघतं. नीट थांबलं तर शरीरात दोन ठिकाणी चांदणीसारखा आकार फुलतो आणि मिटतो. आत शिरत राहणारं पाणी ते असं बाहेर टाकत असतं. तो पंप बंद पडला तर ते फुगून फुटेल. पाण्यात राहणाऱ्या जिवाला पाण्याचाच असा जाच असेल हे मला चाळिशीपर्यंत सुचलं नव्हतं.

पहिल्या वर्षात माझा सगळ्यात जास्त वेळ व्होर्टिसेला या देठवाल्या एकपेशीय जिवाने खाल्ला. जलपर्णीच्या मुळावर उलट्या घंटेसारखी दहा-बारा फुलं देठांवर डुलत असतात. प्रत्येकाच्या ओठावर केसांची कड, ती फिरते आणि पाण्यात भोवरा होतो, आसपासचा कचरा आणि जिवाणू त्यात ओढले जातात. टेबलाला हलकी टिचकी मारा. सगळे देठ एका क्षणात स्प्रिंगसारखे गुंडाळतात आणि घंटा मुळाला चिकटतात. हा 'एक क्षण' म्हणजे सेकंदाचे काही हजारावे भाग. आपली पापणी त्याहून कितीतरी हळू मिटते. मग ते देठ सावकाश, एकेक करून, उलगडतात. पहिल्याने डोकं वर काढलं तरी शेजारचा अजून बसून असतो. मी एकदा टिचकी मारून घड्याळ लावलं आणि कुकरची शिट्टी मोजायची राहिली.

रोटिफर दिसला की नवशिके त्याला एकपेशीय समजतात, कारण तो पॅरामेशियमएवढाच किंवा थोडा मोठा असतो. पण त्याच्यात जवळपास हजार पेशी आहेत, मेंदू आहे, पोट आहे, आणि छातीत सतत चावणारा जबडा आहे जो बाहेरून स्पष्ट दिसतो. याउलट स्टेंटर नावाची तुतारी एकाच पेशीची, आणि ती दोन मिलिमीटरपर्यंत लांब होऊ शकते. म्हणजे हजार पेशींचा प्राणी छोटा आणि एका पेशीचा मोठा. आकारावरून पायरी ठरवायची आपली सवय इथे कामाची नाही. रोटिफरांतल्या डेलॉइड नावाच्या गटात तर नर कधी आढळलेलाच नाही, सगळ्या माद्या. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे २४,००० वर्षं अडकलेला असा एक रोटिफर बर्फ वितळल्यावर हालू लागला आणि त्याला पिल्लंही झाली, असं २०२१ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्याचे भाऊबंद, म्हणजे खरं तर बहिणी, तुमच्या गच्चीच्या भिंतीवरच्या वाळलेल्या शेवाळात असतात. चिमूटभर शेवाळ वाटीत रात्रभर भिजवा आणि सकाळी पिळून बघा. नशीब असेल तर आठ पायांचं पाणअस्वलही त्यात रांगताना सापडेल.

सायक्लॉप्स नुसत्या डोळ्यांनाही दिसतो: झटके देत पोहणारा पांढरा ठिपका. भिंगाखाली त्याच्या कपाळावर एकच डोळा दिसतो, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला: 'अगं, हा तर नारूचा.' माझं आजोळ बार्शीकडचं, आजीच्या पोटरीवर नारूचा व्रण होता. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यालं की सायक्लॉप्स पोटात जायचा, त्याच्या आतली नारूची अळी माणसाच्या शरीरात वर्षभर वाढायची आणि हातभराहून लांब दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत दिवसाला थोडाथोडा ओढायचा. ठणका थांबावा म्हणून माणूस पाय पाण्यात सोडायचा आणि किडा नव्या अळ्या त्याच विहिरीत टाकायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यात मोठा वाटा दुहेरी फडक्याने पाणी गाळण्याचा होता. अर्धा-एक मिलिमीटरचा सायक्लॉप्स फडक्यातून जात नाही, म्हणून. आई अजून नळाला फडकं बांधते. आम्ही तिला हसायचो.

तिथले नियम वेगळे

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेतली की बघणं बदलतं. सायकलचं पायडल थांबवलं तरी सायकल काही अंतर जाते. नदीत हात मारून थांबलात तरी अंग पुढे सरकतं. थेंबातल्या जिवांना हे सुख नाही. इतक्या लहान आकाराला पाणी काकवीसारखं चिकट असतं आणि वजनाचा, वेगाचा जोर जवळजवळ शून्य. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली हिशोब मांडला: पोहणाऱ्या जिवाणूने शेपूट थांबवली तर तो अणूच्या व्यासाइतकाही पुढे घसरत नाही. पॅरामेशियमचंही तसंच, अंगावरचे पोहायचे बारीक केस थांबले की ते जागच्या जागी उभं. म्हणून इथे कुणी तरंगत पुढे जाताना दिसला तर तो पोहत नाही, प्रवाहात वाहतोय किंवा मेलेला आहे. नवशिक्याला जिवंत आणि मेलेलं ओळखायला माझ्याकडे याहून चांगली खूण नाही.

बरणी घरात टिकवायची असेल तर

पाण्यात तांदळाचे दोन दाणे टाका किंवा उकळून गार केलेला थोडा भाताचा पेंढा. चार दिवसांत वर साय धरते, वास येतो, घरात बोलणी बसतात. ती साय म्हणजे जिवाणू. त्यांना खायला आधी बारीक, भराभर पळणारे जीव येतात, मग पॅरामेशियम, मग त्यांना खाणारे. रोज एक थेंब बघत गेलात तर दोन-तीन आठवड्यांत अख्खी वस्ती बदलताना दिसेल. दाणे दोनच. मी पहिल्या वेळी चमचाभर टाकले होते. ती बरणी अखेर काचेसकट फेकावी लागली.

दुसरी युक्ती याहून चांगली. थर्माकोलच्या तुकड्याला खाचा पाडून दोन-तीन काचपट्ट्या उभ्या अडकवा आणि बरणीत तरंगत सोडा. दहा दिवसांनी एक पट्टी काढा, एक बाजू पुसा, दुसरीवर कव्हर स्लिप ठेवा. व्होर्टिसेला, डायटम, रोटिफर तिथेच घर करून राहिलेले असतात, न हलता, न चिरडता.

वही ठेवा. तारीख, पाणी कुठलं, भिंग कोणतं, आणि पेन्सिलने चित्र. मोबाइल आयपीसला लावून फोटो जरूर काढा, पण चित्र काढताना केस किती, देठ कुठे चिकटलाय हे विचारावं लागतं, फोटो ते विचारत नाही. नावासाठी जीव टाकू नका. 'देठवाला', 'चंद्रकोर', 'घाईतला' अशी नावं माझ्या वहीत वर्षभर होती.

काम झालं की पाणी ज्या तळ्यातलं त्याच तळ्यात परत सोडा, दुसऱ्यात नको. घाई मात्र करू नका. बरणी एक रात्र शांत राहू द्या आणि सकाळी तिला खिडकीशी धरून काचेचा आतला काठ बघा, पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली. तिथे अर्ध्या-एक सेंटिमीटरचा, धाग्याएवढा हायड्रा नावाचा शिकारी प्राणी लोंबत असेल, टोकाला सहा-सात हात सैल सोडून. जवळून एखादा सायक्लॉप्स झटके देत गेला तर नजर हटवू नका.